डोक्यावरचा पदर आणि करिंथकरांचे पत्र

मे महिन्यातल्या रविवारी सकाळी नागपूरच्या सदर भागातल्या एखाद्या चर्चच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक गंमत पाहायला मिळते. दुचाकीवरून येणाऱ्या तरुण मुली उन्हामुळे डोके, कान आणि नाकापर्यंतचा चेहरा स्कार्फने गच्च गुंडाळून आलेल्या असतात, आणि आत शिरण्याआधी तो स्कार्फ सोडून गाडीच्या डिक्कीत टाकतात. त्याच वेळी रिक्षातून उतरणाऱ्या त्यांच्या आज्या, इतका वेळ खांद्यावर असलेला पदर चर्चच्या पायरीवर डोक्यावर घेतात. नातीला रस्त्यावर डोके झाकावे लागते आणि देवासमोर ते उघडे असलेले चालते. आजीचे नेमके उलट आहे.

उपासनेच्या वेळी ख्रिस्ती स्त्रियांनी डोके झाकावे की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत "आपल्यात असेच असते" या एका वाक्यावर मिटवला जातो. हे वाक्य खोटे नाही, पण ते उत्तरही नाही, कारण "आपल्यात" असे का असते हे त्यातून कळत नाही. एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, पदर सक्तीचा असतो, शेजारच्या मंडळीत त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही, आणि दोन्हीकडे पवित्र शास्त्र मात्र एकच वाचले जाते.

शास्त्राचा आधार म्हणून जो उतारा दाखवला जातो तो एकच आहे: प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिलेले करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११, वचने २ ते १६. पंधरा वचनांच्या या उताऱ्याबाहेर नव्या करारात उपासनेतील स्त्रीच्या डोक्यावरील आच्छादनाविषयी आज्ञा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात स्त्रियांच्या वेण्या, सोने आणि भारी वस्त्रे यांविषयी सांगितले आहे, पण आच्छादनाचा उल्लेख नाही, आणि शुभवर्तमानांत प्रभू येशू या विषयावर काही बोललेला नाही. उतारा एकच आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. परंतु ज्या गोष्टीचा सगळा भार एकाच खांबावर आहे, तिथे तो खांब नीट पाहून घ्यावा लागतो.

उताऱ्याचा आशय साध्या शब्दांत असा आहे. प्रत्येक पुरुषाचे मस्तक ख्रिस्त, स्त्रीचे मस्तक पुरुष आणि ख्रिस्ताचे मस्तक देव आहे. प्रार्थना करताना किंवा संदेश देताना जो पुरुष डोके झाकतो तो आपल्या मस्तकाचा अपमान करतो. आणि जी स्त्री डोके न झाकता प्रार्थना करते किंवा संदेश देते तीही आपल्या मस्तकाचा अपमान करते, कारण ते मुंडन केल्यासारखेच आहे. त्यानंतर पौल उत्पत्तीच्या कथेकडे वळतो, मग देवदूतांचा एक गूढ उल्लेख करतो, मग "प्रभूमध्ये" स्त्री आणि पुरुष एकमेकांवाचून नाहीत असे सांगून आधीच्या बोलण्याला तोल आणतो, मग "तुमचे तुम्हीच ठरवा" असे म्हणतो, निसर्गाचा दाखला देतो, आणि शेवटी वाद घालणाऱ्यांना सुनावतो की अशी रीत आमच्यात नाही आणि देवाच्या मंडळ्यांतही नाही. म्हणजे एका साध्या वाटणाऱ्या नियमासाठी त्याने निर्मिती, देवदूत, निसर्ग, लाजलज्जा आणि रीतीरिवाज असे पाच वेगवेगळे आधार घेतले आहेत. इतके आधार घ्यावे लागले, याचा अर्थ करिंथमध्येही हे सगळ्यांना आपोआप पटलेले नव्हते.

हे करिंथ कोणते होते, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुने ग्रीक करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, जूलियस सीझरने तिथे रोमन वसाहत वसवली. पौल तिथे साधारण इ.स. ५० च्या सुमारास पोहोचला आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला या तंबू बनवणाऱ्या जोडप्याकडे उतरला; तो त्या शहरात दीड वर्ष राहिला, असे बायबलमधले "प्रेषितांची कृत्ये" हे पुस्तक सांगते. गल्लियो नावाच्या रोमन सुभेदाराचा उल्लेख असलेला शिलालेख डेल्फी येथे सापडल्यामुळे हा काळ बराच नेमका ठरवता येतो. पत्र मात्र करिंथमध्ये नव्हे, काही वर्षांनी इफिसहून लिहिले गेले.

आता या शहराचे रोमन असणे आपल्या प्रश्नाला कसे भिडते ते पाहू. रोमन धर्मविधीत यज्ञ करणारा पुरुष आपल्या झग्याचा पदर डोक्यावर ओढून घेत असे. सम्राट ऑगस्टसचे असे डोके झाकलेले पुतळे आजही पाहायला मिळतात, आणि त्यांपैकी एक तर करिंथच्या उत्खननातच सापडला आहे. तेव्हा प्रार्थनेच्या वेळी पुरुषाने डोके झाकू नये असे पौल सांगतो, त्यामागे शहरातल्या प्रतिष्ठित यजमानांची नक्कल मंडळीत होऊ नये हा हेतू असण्याचा संभव आहे. स्त्रियांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे होते. प्लूटार्क हा ग्रीक लेखक पौलानंतरच्या पिढीतला. त्याने नोंदवले आहे की लोकांत वावरताना स्त्रियांनी डोके झाकणे आणि पुरुषांनी उघडे ठेवणे हेच अधिक रूढ होते. विवाहित रोमन स्त्रीच्या डोक्यावरचे वस्त्र ती कुलीन आहे, कोणाची तरी पत्नी आहे, हे सांगत असे. दुसऱ्या बाजूला, त्या काळातल्या अनेक स्त्रियांचे पुतळे डोके उघडे ठेवून, केसांची सुबक रचना करून घडवलेले आहेत. म्हणजे उघडे डोके दिसले की लगेच बदनामी, असे सरसकट म्हणता येत नाही. प्रसंग कोणता, जागा कोणती, यावर ते अवलंबून होते.

इथे एका प्रसिद्ध गोष्टीचा निकाल लावून टाकतो. करिंथच्या डोंगरावरील देवळात हजार देवदासी होत्या, त्यांची डोकी मुंडलेली असत आणि ख्रिस्ती स्त्रियांची त्यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून पौलाने आच्छादन सांगितले, असे अनेक व्याख्यानांतून ऐकायला मिळते. हजार हा आकडा स्ट्रेबो या भूगोलकाराचा आहे आणि तो जुन्या, म्हणजे रोमनांनी उद्ध्वस्त करण्यापूर्वीच्या, शहराविषयी बोलतो. त्या स्त्रियांची डोकी मुंडलेली असत असे तोही म्हणत नाही. गोष्ट सांगायला सोपी आहे म्हणून टिकून राहिली आहे, एवढेच.

खरी अडचण शब्दांत आहे, आणि इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे. ग्रीकमध्ये "स्त्री" आणि "पत्नी" यांसाठी एकच शब्द आहे, तसेच "पुरुष" आणि "पती" यांसाठीही एकच. इंग्रजी वाचणाऱ्याला हे विचित्र वाटते. आपल्याला वाटू नये. "बायका" म्हटले की सगळ्या स्त्रिया आल्या, आणि "बायको" म्हटले की घरची एकच. विदर्भातल्या खेड्यात "माझा माणूस शेतात गेला" असे एखादी स्त्री म्हणते, तेव्हा ती मानवजातीविषयी बोलत नसते. त्यामुळे या उताऱ्यात पौल सर्व स्त्रियांविषयी बोलतो आहे की विवाहित स्त्रियांविषयी, हा प्रश्न खरोखरच मोकळा राहतो, आणि आच्छादन हे जर विवाहाचे चिन्ह असेल तर उत्तराने बराच फरक पडतो.

दुसरा शब्द "मस्तक". ग्रीकमध्ये त्याचा लाक्षणिक अर्थ "अधिकारी" असा घ्यायचा की "उगम" असा, यावर गेली अनेक दशके अभ्यासकांत वाद चालू आहे. पहिला अर्थ घेतला तर उतारा अधिकाराच्या उतरंडीचा होतो. दुसरा घेतला तर स्त्री पुरुषापासून निर्माण झाली या उत्पत्तीतील कथेची ती आठवण ठरते, आणि पुढे "पुरुषही स्त्रीच्या द्वारे जन्मतो" हे वाक्य का येते ते नीट कळते. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम या प्रसिद्ध ख्रिस्ती उपदेशकाने या पत्रावर प्रवचने दिली. स्त्रीने पुरुषाच्या अधीन राहावे हे त्याला मान्यच होते, तरी "ख्रिस्ताचे मस्तक देव" या शब्दांचा आधार घेऊन पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला, कमी लेखणाऱ्यांना उत्तर देताना त्याने एक मार्मिक मुद्दा मांडला: नुसती सत्ता आणि ताबेदारीच सांगायची असती, तर पौलाने पत्नीचे उदाहरण दिले नसते, दास आणि धनी यांचे दिले असते.

तिसरा शब्द दहाव्या वचनातला आहे, आणि माझ्या मते साऱ्या उताऱ्यातील सर्वांत दुर्लक्षित शब्द तोच आहे. "देवदूतांमुळे स्त्रीने आपल्या मस्तकावर अधिकार ठेवावा," असे मूळ ग्रीक वाक्य आहे. अनेक भाषांतरे तिथे "चिन्ह" हा शब्द घालतात आणि मग ते पुरुषाच्या अधिकाराखाली असल्याचे चिन्ह आहे, असा अर्थ आपोआप होतो. मूळात "चिन्ह" नाही. पौलाने इतरत्र हा "अधिकार" शब्द वापरला आहे तेव्हा तो ज्याच्याकडे असतो त्याचाच अधिकार असतो, दुसऱ्याचा त्याच्यावर असलेला नव्हे. तसा अर्थ घेतला तर आच्छादन हे स्त्रीच्या दबलेपणाची खूण न राहता, मंडळीत उभे राहून प्रार्थना करण्याच्या आणि संदेश देण्याच्या तिच्या अधिकाराची खूण होते. वकिलाचा काळा गाऊन त्याला लहान करत नाही. न्यायालयात बोलण्याचा हक्क त्याच्याकडे आहे हे तो सांगतो. ही तुलना मी पूर्णपणे ताणणार नाही, परंतु वाक्यरचना या बाजूने झुकते हे नाकारता येत नाही.

देवदूतांचे काय, हा प्रश्न प्रत्येक बायबल अभ्यासवर्गात निघतो. त्यावर तीन उत्तरे आहेत. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देवपुत्र मानवकन्यांवर भाळले, तसे पुन्हा होऊ नये म्हणून, असे टर्टुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाने मानले. देवदूत उपासनेत हजर असतात आणि सुव्यवस्था पाहतात, असे दुसरे मत आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या यहुदी गुंडाळ्यांत सभेमध्ये देवदूत उपस्थित असतात अशी समजूत स्पष्ट दिसते, त्यामुळे या मताला बळ मिळाले. तिसरे मत असे की ग्रीकमध्ये "देवदूत" आणि साधा "निरोप्या" यांना एकच शब्द असल्याने बाहेरून आलेल्या, मंडळीत डोकावणाऱ्या माणसांविषयी हे आहे. मला दुसरे उत्तर सर्वांत सरळ वाटते.

यानंतर प्रश्न येतो तो कापडाचा की केसांचा. पंधराव्या वचनात पौल म्हणतो की स्त्रीला लांब केस आच्छादनाऐवजी, किंवा आच्छादन म्हणून, दिलेले आहेत. यावरून कित्येक जण निष्कर्ष काढतात की लांब केस हेच आच्छादन होय, निराळ्या कापडाची गरज नाही. हा अर्थ सोयीचा आहे, पण सहाव्या वचनापाशी तो अडखळतो, कारण तिथे म्हटले आहे की स्त्री डोके झाकत नसेल तर तिने केसही कापून टाकावेत. केस म्हणजेच आच्छादन असेल, तर न झाकलेल्या स्त्रीचे आणखी कापायचे काय राहिले? काही अभ्यासक म्हणून असे सुचवतात की प्रश्न कापडाचा नसून केस बांधलेले की मोकळे सोडलेले, हा होता. त्यांचा आधार असा की जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, लेवीयच्या तेराव्या अध्यायात, कुष्ठरोग्याने केस मोकळे सोडावेत असे जिथे हिब्रूत आहे, तिथे पौलाने वापरलेला "न झाकलेले" हाच ग्रीक शब्द आला आहे. आपल्याकडे देवघरात किंवा देवळात मोकळे केस सोडून जाऊ नये, असे आज्या सांगत, त्यामुळे हा अर्थ मराठी कानाला परका लागत नाही. तरीही पौलानंतर दीडशे वर्षांनी लिहिणारा टर्टुलियन नोंदवतो की करिंथकर त्याच्या काळातही आपल्या कुमारिकांची डोकी झाकतात. पत्र ज्यांना आले त्यांच्याच वारसांनी त्याचा अर्थ कापड असा घेतला होता, याला मी अधिक वजन देतो.

मुंडनाच्या उल्लेखाविषयी आपल्याला टीपा वाचण्याची गरज पडू नये. ज्या समाजात विधवेचे केशवपन करून तिच्या बोडक्या डोक्यावर लाल लुगड्याचा पदर ओढला जात असे, त्या समाजाला स्त्रीच्या कापलेल्या केसांत किती अपमान भरलेला असू शकतो हे सांगावे लागत नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई यांनी आपले आयुष्य याच विधवांसाठी वेचले. त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. स्त्रीचे मुंडण लाजिरवाणे आहे हे वचन मराठीत उतरवताना त्यांच्या भोवती कोणत्या स्त्रिया वावरत होत्या, हे लक्षात घेतले की वाचताना आवाज आपोआप खाली येतो. त्याच वेळी यातून एक गोष्ट उघड होते: ही लाज निसर्गाने ठरवलेली नव्हती, समाजाने ठरवलेली होती, आणि समाज बदलल्यावर ती गेली.

पौल मात्र चौदाव्या वचनात निसर्गाचेच नाव घेतो: पुरुषाने केस वाढवणे त्याला लाजिरवाणे आहे हे निसर्गही शिकवत नाही काय, असे तो विचारतो. पण जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले नाजीर व्रत, म्हणजे देवाला वाहून घेण्याचे व्रत, घेणारे पुरुष केस वाढवत असत, शमशोन या वीराचे सामर्थ्य त्या केसांतच होते, आणि स्वतः पौलाने करिंथच्याच किंख्रिया बंदरात नवसामुळे आपले डोके मुंडले होते. शिवाय आपल्या घराघरांत टांगलेल्या कॅलेंडरवर प्रभू येशूचे केस खांद्यापर्यंत आलेले असतात आणि त्याखाली बसून आपण हे वचन वाचतो. "निसर्ग" हा शब्द इथे जीवशास्त्राविषयी नाही. लोकांना जे स्वाभाविक वाटते त्याविषयी आहे.

पुरुषांच्या बाजूकडे तर कोणी पाहतच नाही. पौलाने दोन सूचना दिल्या, एक पुरुषांना आणि एक स्त्रियांना, आणि वाद फक्त दुसरीवर होतो. आपल्याकडे पागोटे, फेटा किंवा टोपी हा आदराचा पोशाख होता. वडीलधाऱ्यांसमोर बोडक्याने जाणे उद्धटपणाचे मानले जाई आणि "पगडी उतरवणे" याचा अर्थच मानखंडना असा होता. त्या समाजातल्या पुरुषाला प्रार्थनेसाठी डोके उघडे करायला सांगणे, हे स्त्रीला पदर घ्यायला सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड होते. विशेष म्हणजे कॅथोलिक चर्चने याची दखल घेतली होती. १९१७ च्या कायदेसंहितेच्या १२६२ व्या कलमात पुरुषांनी उघड्या डोक्याने आणि स्त्रियांनी झाकलेल्या डोक्याने, विशेषतः प्रभुभोजनास येताना, उपस्थित राहावे असे होते; परंतु "लोकांच्या मान्य रीती निराळ्या असतील तर" ही सवलत त्यात पुरुषांच्या वाक्याला जोडलेली होती, स्त्रियांच्या नव्हे. रीत पाहून नियम वाकवता येतो हे तेव्हाही मान्य होते. फक्त ती सवलत कोणाला मिळाली, एवढे पाहावे.

पुढे १९७६ मध्ये रोमहून स्त्रियांच्या याजकपदासंबंधी एक जाहीरनामा निघाला. त्यात, जाता जाता, डोक्यावरील आच्छादनाची सक्ती ही बहुधा त्या काळच्या चालीरीतींतून आलेली, किरकोळ शिस्तीची बाब आहे आणि ती आता बंधनकारक नाही, असे नमूद केले आहे. स्त्रियांना याजकपद देता येणार नाही हे सांगणाऱ्याच दस्तऐवजाने पदराची सक्ती सोडली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. १९८३ च्या नव्या संहितेत ते कलम आलेच नाही आणि जुनी संहिता रद्द झाली. त्यामुळे सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये मिस्साला एखादी बाई डोके झाकून बसली असेल, तर ती भक्तीने किंवा सवयीने, कायद्याने नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास अधिक विखुरलेला आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, त्या काळी स्कॉटलंडमधल्या स्त्रिया बॉनेट घालून चर्चला जात आणि नागपुरातल्या स्त्रियांच्या डोक्यावर पदर असेच. दोन्ही समाजांची रीत आपापल्या परीने आधीच जुळत होती, म्हणून करिंथकरांचे हे वचन इथे कोणाला शिकवावे लागले नाही आणि त्यावर वादही झाला नाही. वाद सुरू झाला तो नंतर, पाश्चात्त्य स्त्रियांची हॅट गेली आणि आपल्याकडे साडीच्या जागी सलवार-कमीज व जीन्स आली तेव्हा. कारण पदर काढावा लागतो, तर ओढणी आठवणीने आणावी लागते.

ज्या सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक होते, आणि चर्च ऑफ द ब्रदरनही होते, ज्यांच्या अमेरिकेतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेसाठी पांढऱ्या जाळीची टोपी घालत आल्या होत्या. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, बिशप असावेत की नसावेत, अशा कठीण प्रश्नांवर या मंडळ्यांना वर्षानुवर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या. डोक्यावरचे कापड हा एकीच्या आड येण्याइतका मोठा प्रश्न ठरला नाही. याउलट प्लिमथ ब्रदरन परंपरेच्या मंडळ्यांत आणि अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत डोके झाकणे आजही काटेकोरपणे पाळले जाते. त्यांचे म्हणणे हलके समजू नये. पौलाने निर्मितीचा आणि देवदूतांचा आधार घेतला आहे, आणि निर्मिती काही करिंथपुरती नव्हती, हा त्यांचा युक्तिवाद उताऱ्याशी प्रामाणिक आहे. सोळाव्या वचनात सर्व मंडळ्यांचा उल्लेख आहे, हेही ते दाखवतात.

मग माझे मत असे का नाही? कारण खूण ही भाषेसारखी असते. तिचा अर्थ ऐकणाऱ्याला कळला तरच ती काही सांगते. पौलाच्या करिंथमध्ये आच्छादन काय सांगत होते हे पाहिले. आपल्या नागपुरात डोक्यावरचा पदर आधीपासूनच काहीतरी बोलतो, आणि तो सगळ्यांशी एकच बोलत नाही. सासरे घरात आले की पदर, गावाकडे गेले की पदर, मयताच्या घरी पदर, पूजेला पदर: हे सगळे ख्रिस्ती होण्याच्या आधीपासूनचे आहे. त्यामुळे चर्चमध्ये पदर घेणारी आजी देवासमोर नम्र होत असते हे निःसंशय खरे, आणि तिला तो घेऊ नकोस असे सांगणारा माणूस उद्धट आहे. पण ज्या सुनेला तोच पदर घरातल्या धाकाची आठवण करून देतो, तिच्यासाठी त्याच कापडाचा अर्थ वेगळा आहे, आणि ज्या मुलीच्या पिढीत पदर फक्त लग्नात, पांढऱ्या साडीवर जाळीचा व्हेल लावताना, डोक्यावर येतो, तिच्यासाठी तो जवळजवळ काहीच बोलत नाही. टर्टुलियनने अरबस्तानातल्या, एकच डोळा उघडा ठेवून सारा चेहरा झाकणाऱ्या स्त्रियांचे कौतुक केले होते. आपली दुचाकीवरची मुलगी त्याला फारच आवडली असती, पण तिच्या स्कार्फचा देवाशी काही संबंध नाही, उन्हाशी आहे.

आणि या सगळ्याहून मोठे कारण पाचव्या वचनातच आहे. आच्छादन कोणी घ्यावे? "प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या" स्त्रीने. म्हणजे स्त्री मंडळीत उभी राहून, सर्वांना ऐकू जाईल अशी प्रार्थना करते आणि देवाचा संदेश देते, हे पौल गृहीत धरतो. त्यावर तो चर्चासुद्धा करत नाही. याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे वचन आहे, आणि ते या अध्यायाशी कसे जुळवायचे हा जुना पेच आहे; बहुतेक भाष्यकार तिथल्या मौनाला मर्यादित अर्थ देतात, उदाहरणार्थ सभेत मध्येच प्रश्न विचारून व्यत्यय आणणे, कारण तसे न केल्यास अकराव्या अध्यायाला अर्थच उरत नाही. तेव्हा जी मंडळी स्त्रियांकडून पदराचा आग्रह धरते पण त्यांना उपासनेत कधी प्रार्थना चालवू देत नाही, वचन वाचू देत नाही, संदेश देऊ देत नाही, तिने वाक्याचा एकच अर्धा भाग पाळलेला आहे, आणि तोही कमी महत्त्वाचा. उत्तर भारतीय मंडळीत आता स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली जाते. साडीवर स्टोल घालून प्रभुभोजनाच्या मेजामागे उभ्या राहिलेल्या बाईंनी डोके झाकले आहे की नाही, यावर जेवताना होणारी चर्चा मी ऐकली आहे. त्यांनी काय सांगितले, यावर तेवढी झाली असती तर बरे वाटले असते.

व्यवहारात याचा अर्थ असा. ज्यांना झाकावेसे वाटते त्यांनी झाकावे, आणि त्यांना मागासलेले म्हणू नये. ज्यांना वाटत नाही त्यांच्यावर सक्ती करू नये, आणि त्यांची भक्ती कमी समजू नये. ज्या मंडळीत सगळ्याच स्त्रिया डोके झाकतात तिथे पाहुणी म्हणून गेलेल्या मुलीने ओढणी घ्यावी. ते तत्त्वाला मुरड घालणे नाही, दुसऱ्याच्या घरी चपला दाराशी काढण्यासारखे आहे. मात्र दारावर उभे राहून विनापदर आलेल्या मुलीला परत पाठवणाऱ्या स्वयंसेवकाने तेराव्या वचनातले "तुमचे तुम्हीच ठरवा" हे शब्द एकदा काढून वाचावेत, आणि त्या आधी स्वतःच्या डोक्यावरची क्रिकेटची टोपी उतरवावी.